शरणप्पा मामांच्या बाटलीतली माशी

मित्रांनो, मी एक जुनी माशी आहे. हसू नका! लातूरच्या एका मेडिकल कॉलेजात, काचेच्या पेटीत, टाचणीवर मी कित्येक वर्षं बसले आहे. जिवंत असते तर हुसकावलं असतंत. आता शिकाऊ डॉक्टर मला भिंगातून बघतात.

माझा जन्म शिरूर अनंतपाळजवळच्या एका शेतात झाला, लिंबाजी म्हातारबांच्या मृतदेहावर. किळस आली ना? येऊ द्या. माणूस गेल्याचा सुगावा आम्हांला पोलिसांच्या आधी लागतो. म्हातारबांच्या डोक्याला जखम होती. बाजाराच्या दिवशी पुतण्या रविकांतशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्याच संध्याकाळी रविकांत लग्नाचे फोटो काढायला नांदेडला गेला. काही दिवसांनी मृतदेह सापडला, तेव्हा 'मारून पळाला,' असं म्हणून पोलिसांनी त्याला आत टाकलं.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टर मंजुश्री मॅडमना मात्र शंका आली. म्हातारबा भांडणाच्या दिवशी गेले असते, तर आम्ही अळ्या एव्हाना धष्टपुष्ट झालो असतो. आम्ही तर अगदी कोवळ्या! पण आम्ही कोणत्या जातीच्या, हे माशी झाल्याशिवाय ठरेना आणि त्याशिवाय आमचं वय पक्कं सांगता येईना. म्हणून आमच्यातल्या काही जणींना बाटलीत घालून मदतनीस शरणप्पा मामांच्या हवाली केलं. "रोज कलेजी घाला," मॅडम म्हणाल्या.

तिथंच माशी शिंकली. मामा गळ्यात लिंग बांधणारे, मटणाच्या दुकानावरून जाताना नाक धरणारे. त्यांनी आम्हांला मोठ्या मायेनं दूध-भाकरी घातली! माझ्या बहिणी एकेक करून गेल्या. उरले मी एकटी, तीही वाळलेली.

मॅडम कडाडल्या. मामा हात जोडून म्हणाले, "म्याडम, नोकरी गेली तरी चालंल, पर कलेजी आणणार न्हाई!"

रविकांतची बायको मनिषा दारातच बसून होती. ती उठली. "ही एवढीशी अळी जगली तर माझा माणूस सुटंल ना? मग कलेजी मी आणते, मामा. तुम्ही नुसती बाटलीत टाका."

मामांनी डोळे मिटले, 'शिव शिव' म्हणत चिमट्यानं तुकडा टाकला. तो पडला त्यांच्याच चपलेवर! दुसरा बाटलीत आला आणि मी त्यावर तुटून पडले. पुढं पुढं मामाच मनिषाची वाट बघू लागले. "लवकर येत जा गं, लेकरू उपाशी हाय!"

मग मी कोषात झोपले आणि एका सकाळी हिरवीगार, चमचमती माशी होऊन बाहेर आले. पण पुरावा म्हणून मला टाचणीवर जायचं होतं. मामांनी बाटली छातीशी धरली. "म्याडम, आजच पंख फुटलेत हो हिला." झाकण उघडलं असतं तर मी सुटले असते आणि रविकांत आतच राहिला असता. मामांनी मनिषाकडं पाहिलं, बाटली मॅडमच्या हातात दिली आणि ढसाढसा रडले. मित्रांनो, एवढं भाग्य कोणत्या माशीला मिळतं?

माझी ओळख पटली. रविकांत नांदेडला पोचल्यावरच म्हातारबा गेले, हे सिद्ध झालं. मग शेतातल्या राखणीच्या मचाणाची मोडकी शिडी पोलिसांनाही दिसली. म्हातारबा तिच्यावरूनच पडले होते. रविकांत घरी गेला.

मित्रांनो, अन्न झाकून ठेवा. आमचे पाय घाण असतात, कबूल. पण कुणाला गुन्हेगार ठरवायची घाई करू नका.

मामा अजून रोज माझी काच पुसतात. परवा एका साहेबांनी माशी मारायला वर्तमानपत्र उगारलं. मामांनी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"थांबा साहेब, तिची साक्ष राहिली असंल!"