काचेवरचे ‘हे’

“हे आले! आले गं बाई, हे आले!”

धाकटी असं म्हणाली आणि तिच्या बैठकीच्या खोलीत खेटून बसलेल्या सगळ्यांनी एकदम श्वास आत ओढला. मागच्या अंगणाकडच्या मोठ्या खिडकीवर बाहेरून टकटक झाली. काळाभोर अंगाचा, पांढऱ्या पोटाचा, शेपटी ताठ उभारलेला एक पक्षी काचेशी आला, आत डोकावल्यासारखं केलं आणि पुन्हा टक्, टक्, टक्. खोलीतले दिवे बंद, बाकीचे पडदे ओढलेले. उजेड काय तो त्या एका खिडकीत. कुणी हात जोडले, कुणाला हुंदका आवरेना. मागे बसलेल्या निवृत्त पोस्टमननं तर मोठ्यानं विचारलं, “साहेब, तब्येत कशी आहे आता?”

मेलेल्या माणसाला तब्येत विचारायची म्हणजे कमाल झाली! पण हसलं कुणीच नाही.

“मान हलवली, पाहिलंत?” मेलेल्यांचे निरोप आणून देणारा निरोपबाबा म्हणाला. “म्हणताहेत, इकडे सगळं ठीक आहे. काच म्हणजे काय? इहलोक आणि परलोक यांच्यामधला पातळ पडदा. आत्म्याला पंख असतात, पण त्याला हात नसतात. म्हणून तो चोचीनं दार वाजवतो.”

बाबाचे कपडे इस्त्रीचे, पांढरेशुभ्र, आणि गळ्यात दुर्बीण. तिच्या भिंगांवरची झाकणं त्यानं आजवर एकदाही काढलेली नव्हती.

दाराच्या चौकटीला टेकून धाकटीची थोरली बहीण हे सगळं बघत होती. चौकात तिचं चष्म्याचं दुकान, म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणत. आठवडाभर तिनं लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढावेत आणि रविवारी निसर्ग मंडळाच्या चार टाळक्यांबरोबर तळ्याकाठचं प्लास्टिक उचलावं, पक्षी मोजावेत, असा तिचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. समोरचा पक्षी तिला लांबूनसुद्धा ओळखता आला असता. दयाळ. नर. आणि त्याच्या चोचीच्या मुळाशी रक्त साकळलं होतं. काचेवरही बारीक लाल ठिपके होते, ते मात्र खोलीत कुणालाच दिसत नव्हते.

तिचे मेहुणे, म्हणजे धाकटीचा नवरा, गेल्या वर्षी ऑफिसातून घरी आले, बूट काढायला खाली वाकले आणि उठलेच नाहीत. तेही मंडळातले. जुन्या टेबलांचे खण मोडून पक्ष्यांसाठी लाकडी पेट्या बनवायच्या आणि गावभर झाडांना टांगायच्या, हा त्यांचा नाद. त्यातली पहिली पेटी त्यांनी स्वतःच्याच मागच्या अंगणात लावली होती. या खिडकीसमोरच्या झाडावर. यंदा त्या पेटीत दयाळाच्या जोडीनं घर केलं होतं आणि आत पिल्लं होती.

“मी जरा मागे जाऊन येते,” चष्मेवाली म्हणाली.

बाबाचा चेला मागच्या दारापाशी आडवा आला. “निरोपाच्या वाटेत कुणी उभं राहायचं नाही. वाट मोडते.”

“अरे, माझ्या बहिणीचं अंगण आहे ते!”

“ताई, नको ना गं,” धाकटी आतून म्हणाली. कितीतरी महिन्यांनी तिनं वेणी घातली होती, नीट साडी नेसली होती. “नको ना. हे निघून जातील.”

त्या ‘हे’पाशी चष्मेवाली अडली. नवरा जिवंत असताना धाकटी अगदी अशीच म्हणायची. हे आले. हे जेवले का? ह्यांना विचारते. वर्षभर तो शब्द तिच्या तोंडून गेला होता आणि आता परत आला होता, पण एका पाखरासाठी. चष्मेवाली मागे फिरली. मात्र जाता जाता तिनं खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं. काचेवर काहीतरी चिकटवलेलं होतं.

“हा शुद्धिपट,” चेला कौतुकानं म्हणाला. “बाबा स्वतः लावतात. त्याशिवाय निरोप येत नाही.”

शुद्धिपट म्हणे! चष्मेवालीला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

मंडळाची मदत होईल अशी तिची आशा होती. तीही फोल ठरली. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर, बोलायला गोड, पण निर्णयाची वेळ आली की घसा खाकरणारे. तिनं त्यांना सगळं सांगितलं. नर दिवसभर काचेशी झुंजतोय, मादी एकटीच किडे आणतेय, तिच्यानं सगळ्या पिल्लांचं भागायचं नाही, ती मरतील.

अध्यक्षांनी घसा खाकरला. “तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पण जरा व्यापक विचार करा ना. इतकी वर्षं आपण बोंबलतोय, पक्षी बघा, पक्षी बघा. कुणी बघितले का? आता बाबांमुळे अख्खी गल्ली सकाळी उठून पक्षी बघतेय! मंडळाचे सभासद वाढलेत.”

“पक्षी बघत नाहीयेत ते. आपापले मेलेले बघताहेत.”

“सुरुवात तर झाली,” अध्यक्ष म्हणाले. “आणि बाबांना आपण सन्माननीय सभासद केलंय. दुर्बीणही दिलीय. आता माघार कशी घ्यायची?”

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा स्वतः तिच्या दुकानात आला. एकटाच. खुर्चीत बसला आणि म्हणाला, “जवळचं वाचता येत नाही. नंबर बघता का?”

तिनं नंबर बघितला. डोळ्यांच्या बाबतीत ती माणूस बघत नसे.

“ओळखलं नाहीत मला,” भिंगातून अक्षरं वाचता वाचता तो म्हणाला. “तुमच्या या दुकानाला उन्हाची फिल्म मीच लावली होती. बाहेरून आरसा, आतून काच. गाड्यांना, ऑफिसांना लावायचो. मग तुमच्या मंडळात तुमचं भाषण ऐकलं. काच आणि पक्षी. तुम्ही म्हणालात, विणीच्या दिवसात दयाळाला आरसा दिसला की तो आपल्याच प्रतिबिंबाला दुसरा नर समजतो, हद्दीत घुसलेला, आणि त्याच्याशी मरेस्तोवर भांडतो. पुढच्या रांगेत बसलो होतो मी. सगळं तुमच्याकडूनच शिकलो, ताई.”

चष्मेवालीच्या हातातलं भिंग तसंच राहिलं. काचांना फिल्म लावू नका, लावलीच तर वर ठिपके चिकटवा, हे सांगायला तिनं ते भाषण केलं होतं. घसा फोडफोडून केलं होतं. ते नीट ऐकणारा एकच निघाला, आणि तो हा!

“लाज नाही वाटत?”

“कशाची? रडणाऱ्या माणसाला दोन घटका बरं वाटतं. तुमच्या चष्म्यानं वाटतं का?”

“माझ्या चष्म्यानं दिसतं.”

“दिसल्यावर बरं वाटतं असं कोण म्हणालं?” बाबा हसला आणि उठला. चष्मा तयार झाला की चेला घेऊन जाईल, असंही सांगून गेला.

मग मात्र चष्मेवालीनं थांबायचं नाही असं ठरवलं. धाकटी आपल्याशी जन्मभर बोलणार नाही, हे तिला दिसत होतं. पण पेटीतली पिल्लंही दिसत होती, आणि ती पेटी कुणाच्या हातची होती हेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत दर्शन भरलं असताना ती शेजारणीच्या घरातून कुंपण ओलांडून अंगणात उतरली. या वयात साडी खोचून कुंपणावर चढणं काही सोपं नाही, पण उतरली. बरोबर साबणाच्या पाण्याची बादली, ब्रश आणि एक फळी. त्या फळीवर तिनं दुकानातला उरलेला फिल्मचा तुकडा चिकटवला होता.

खिडकीसमोर उभी राहिली तर आतलं काहीच दिसेना. ना खोली, ना माणसं. दिसत होतं झाड, आभाळ आणि ब्रश घेतलेली एक घामेजलेली बाई. आणि काचेच्या कडेला तो दयाळ, चोच आ करून धापा टाकत, पुन्हा आपल्याच छबीवर तुटून पडत होता.

“हट्! हो बाजूला, बाबा रे!” असं म्हणत तिनं काचेवर साबण फासला. वरपासून खालपर्यंत. आरसा पांढरा झाला. दयाळ उडून फांदीवर बसला, इकडेतिकडे बघितलं, आणि गप्प झाला. शत्रू गेला होता.

आत एकच कल्लोळ उठला. मागचं दार धाडकन उघडलं आणि सगळी मंडळी अंगणात आली. पुढे बाबा. “वाट मोडली! हिनं निरोप तोडला!”

“या, या, सगळे बाहेर या,” चष्मेवाली म्हणाली. “इतके दिवस आतूनच बघत होतात ना? आता इथून बघा. आत अंधार, बाहेर उजेड, त्यामुळे ही फिल्म बाहेरून आरसा होते. त्याला तुम्ही दिसतच नाही. तो फक्त स्वतःलाच बघतो आणि स्वतःशीच भांडतो. कुणाचा आत्मा नाही, काही नाही. पटत नसेल तर हे घ्या.”

तिनं फळी कुंपणाला टेकवून उभी केली आणि सगळ्यांना मागे सारलं. फार वेळ लागला नाही. दयाळ फांदीवरून सरळ फळीवर झेपावला. टक्, टक्, टक्.

सगळे फळीकडे टक लावून बघत राहिले. चष्मेवालीला वाटलं, पटलं! एकदाचं पटलं! तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“म्हणजे...” पोस्टमन हळूच म्हणाला, “फळीवरसुद्धा येतात?”

“माझ्याकडे खिडकीला जागाच नाही हो,” एक म्हातारी पुढे सरसावली. “फळी चालेल मला. बाई, मला द्या ना ती फळी. माझा मुलगा...”

बाबा तेवढ्यात सावरला. हे कसब मात्र त्याच्याकडे होतं. “पाहिलंत!” तो गरजला. “आजवर निरोप घरापुरता होता. आज तो फिरता झाला! आणि कुणाच्या हातून? न मानणारीच्या हातून!”

आणि लोकांनी चष्मेवालीला हात जोडले. तिला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

धाकटी सगळ्यात शेवटी बाहेर आली होती. ती फळीकडे गेली नाही, बहिणीकडेही नाही. झाडाखाली उभी राहून ऐकत होती.

“ताई, पेटीतून आवाज का येत नाही गं? दर वर्षी किती कलकलाट असतो.”

चष्मेवाली अंगणातल्या स्टुलावर चढली आणि पेटीचं झाकण उचललं. आत पिल्लं एकमेकांना चिकटून पडली होती. पंख नुकते फुटू लागलेले. सगळी थंडगार. तारेवर मादी चोचीत अळी धरून बसली होती, पेटीकडे यायची, फिरून जायची. तिला अजून कळलं नव्हतं.

चष्मेवाली उतरली, तशी धाकटीनं स्टुलावर चढून बघितलं. बराच वेळ बघितलं.

“ह्यांनी ही पेटी केली तेव्हा मी खिळे धरले होते,” ती म्हणाली. “पहिली पिल्लं उडाली तेव्हा हे ऑफिसला गेलेच नाहीत. आणि मी आत बसून...” तिनं पेटीच्या कडेला हात लावला. “हे कशाला अशी पिल्लं उपाशी मारतील, ताई? हे नव्हतेच ते. तो दयाळ होता. नुसता दयाळ होता गं तो!”

वर्षभर जे रडणं पोटात साचलं होतं, ते तेव्हा बाहेर आलं. चष्मेवालीनं तिला घट्ट धरलं. मागे कुंपणापाशी लोक फळीसाठी रांग लावत होते.

त्याच दिवशी धाकटीनं स्वयंपाकघरातल्या सुरीनं खिडकीवरची फिल्म खरवडून काढली. काच ओरखडली, पण काच झाली. नर दयाळ दोन दिवसांनी अंगणात मेलेला सापडला. मादी निघून गेली.

आता गल्लीत चक्कर मारलीत तर घराघराच्या खिडक्या चकाकताना दिसतील. गच्चीवर फळ्या, फाटकावर फळ्या. बाबानं मोठा हॉल घेतलाय. पुढच्या हंगामात मंडळानं पक्षी मोजले तेव्हा या भागात दयाळ एकही नव्हता. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि हंगाम उशिरा आहे असं सांगितलं. बाबानं सांगितलं, श्रद्धा कमी पडली, आणखी फिल्म लावा. लोकांनी लावली.

सांगायचं ते साधंच आहे. तुम्ही अशा एखाद्या काचेच्या आत बसला असाल तर उठा, मागच्या दारानं बाहेर जा आणि तिकडून काय दिसतं ते एकदा बघा. कुणी दारात आडवा आला तर नक्की समजा की बघण्यासारखं काहीतरी बाहेरच आहे. याला शिक्षण लागत नाही, दुर्बीण लागत नाही. उठावं मात्र लागतं.

धाकटी हेच सांगते. रोज सकाळी फाटकाशी उभी राहते आणि हॉलकडे निघालेल्या बायकांना थांबवते. “माझा नवरा मेला. तो येणार नाही. तुमचंही कुणी येणार नाही. त्यांच्यासाठी रडा, मीही रडते. पण काचेवरचं ते सोलून टाका, पाखरं तरी जगू द्या.”

बायका थांबतात, ऐकून घेतात, तिच्या पाठीवरून हात फिरवतात. मग चार पावलं पुढे गेल्यावर त्यातली एखादी दुसरीला हळूच सांगते, “तिच्याकडे हे यायचे बंद झाले ना, म्हणून बोलते बिचारी.”