मानमोडी

उदारामदादा मानमोडीत गेला. एकोणीसशे अठराचा तो ताप माणसाला मानच टाकायला लावायचा, म्हणून त्याचं हे नाव. दादाला मूलबाळ नव्हतं. मागे राहिली धुरपतावहिनी, आणि त्यानं दहा वर्षं लोंबी लोंबी निवडून तयार केलेलं धान. सारं मुर्री गाव त्याला 'उदारामचं धान' म्हणायचं. ते बी आमच्या घराखेरीज कुठंच नव्हतं.

पेरणीआधी दादा आणि वहिनी बी मिठाच्या पाण्यात टाकायची. पोचट, रोगट दाणे वर तरंगले की वहिनी ते काढून फेकायची. तळाशी बसलेलं भरीव बी तीनदा साध्या पाण्यानं धुवायचं, मग त्याला आंबट ताक चोळायचं. करपा आमच्या धानाकडे कधी फिरकला नाही. मला मात्र ते सगळं दोघांचं खूळ वाटायचं.

दादा गेल्यावरच्या पहिल्या पेरणीला उमरावमामा म्हणाले, विधवेचा हात बियाला लागू नये. मी हो म्हणालो. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. आता घरचा कर्ता मी होतो ना!

वहिनी दाराआड उभी राहिली. "भाऊजी, मी हात नाई लावत. दुरून सांगून राहिली, तसं करा."

चार माणसांसमोर तिनं मला शिकवावं हे झोंबलं. मी बी होतं तसंच पेरलं.

काही दिवसांनी रोवणीची, म्हणजे लावणीची, रोपं बघायला गेलो, तर कोपऱ्यात सुपाएवढी जागा वेगळीच हिरवीगार दिसली. वहिनीनं लपवलं नाही. मूठभर बी मिठाच्या पाण्यातून काढून तिनं गुपचूप पेरलं होतं. मी ती रोपं उपटली आणि तिच्यादेखत म्हशीपुढे टाकली.

"काऊन, भाऊजी?" ती म्हणाली. "तुमच्याच दादाचं होतं ना ते."

रोवणी झाली आणि पानांवर करपा दिसला. लोंब्या आल्या तशा देठातच काळ्या पडून वाकल्या. धानालाही मानमोडी झाली, असं लोक म्हणू लागले. मला ते ऐकवत नव्हतं.

पुढच्या पेरणीला जवळच्या गोरेगावच्या बाजारातून मीठ आणलं. कोणाला न विचारता अंगणात घंगाळ मांडलं आणि वहिनीला बोलावलं.

"हात लावा, वयनी."

करपलेल्या धानातून हाती आलं होतं तेवढं बी तिनं पाण्यात ओतलं. सगळंच्या सगळं वर आलं. तिनं कोपरापर्यंत हात घातला आणि कितीतरी वेळ तळ चाचपत राहिली.

"खाली कायीच नाई, भाऊजी."

दादा गेला तेव्हा मी रडलो नव्हतो. त्या घंगाळापाशी बसून मात्र लेकरासारखा रडलो. वहिनीचा हात अजून पाण्यातच होता.