मामांचा हात

मामांनी बासष्ट नंबरच्या उंदराची छाती कात्रीनं उघडली आणि फुप्फुस बोटानं हलकेच दाबलं. हिरवट पाणी वर आलं. सकाळी त्यांनीच पाजलेला अर्क होता तो. जायचा पोटात, तो गेला होता श्वासनलिकेत.

म्हणजे औषधाचा काही दोष नव्हता. चुकला होता मामांचा हात.

सव्वीस वर्षं मामा या प्रयोगशाळेत उंदरांना औषध पाजत आले होते. घशातून नळी सरकवायची आणि जनावराला कळायच्या आत अर्क पोटात सोडायचा. मामांनी पाजलं की उंदीर वर ढेकर देतो, अशी थट्टा चालायची. पण गेले चार महिने उजवा हात थरथरत होता. घरी कपबशी वाजली की बायको मान वर करायची, आणि मामा घाईनं पेपर उघडायचे. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. तेवढं निभावलं की गंगेत घोडं न्हालं.

बाहेर मॅडम थांबल्या होत्या. या एका झाडाच्या पाल्यावर त्यांची सहा वर्षं गेली होती. मोठ्या डोसचा उंदीर मेला, म्हणजे अर्क विषारी, म्हणजे सगळं मुसळ केरात. त्यांनी तसं लिहायलाही घेतलं होतं. मामांच्या हातावर शंका घ्यावी, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मूग गिळून बसलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण आपलं पाप औषधाच्या माथी मारणं मामांना जमेना.

"मॅडम, औषधानं नाही गेला तो. माझा हात चुकला. थरथरला."

मॅडमचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला.

"कधीपासून थरथरतोय?"

मामांनी मनात हिशेब मांडला. चार महिने म्हणावं, तर हा प्रयोग सुरू झाल्यापासूनच्या दोन महिन्यांत पाजलेला एकेक डोस संशयात. उरलेली सगळी जनावरं मारायची, नवी आणायची, पुन्हा पहिल्यापासून. मॅडम पेन कागदावर टेकवून वाट पाहत होत्या.

"आजच," मामा म्हणाले. "रात्री झोप नव्हती झाली."

मॅडमनी सुस्कारा सोडला. पाजताना झालेली चूक, औषधाशी संबंध नाही, अशी नोंद त्यांनी केली. मामांनी खाली सही केली. ती किती वाकडीतिकडी आली होती, ते कुणी निरखून पाहिलं नाही. चला, आता हे काम दुसऱ्या कुणाकडे जाईल, सुटलो एकदाचे, असं मामांना वाटलं.

"सव्वीस वर्षांत एकदा," मॅडम म्हणाल्या. आवाजात माया होती. "माणूस आहे, चुकायचाच. आज लवकर झोपा. उद्या नेहमीसारखं तुम्हीच पाजा. दुसऱ्या कुणाच्या हातावर माझा भरवसा नाही, मामा."

मामा बरं म्हणाले. पलीकडच्या खोलीत अजून एकोणऐंशी उंदीर होते.