मागच्या फुटरेस्टचे बोल्ट

त्या रविवारी मी चार बोल्टांना इतक्या शिव्या घातल्या की आईनं शेवटी पदर कानावर ओढून घेतला. राग माझ्या नाकावरच असतो हे गावाला माहीत आहे, पण त्या दिवशी त्याला कारण होतं. सोमवारी मला आरोग्य केंद्रात रुजू व्हायचं होतं. काम लशीची पेटी गावोगाव पोचवायचं आणि अट एकच: गाडी स्वतःची हवी, तिला पेटीचं कॅरिअर हवं. कॅरिअर नसेल तर काम दुसऱ्याला.

गाडी होती, बाची. मी आश्रमशाळेत असताना त्यानं घेतलेली जुनी मोटारसायकल. आता गुडघे दुखतात म्हणून त्यानं चावी माझ्या हातात दिली होती. नवं कॅरिअर मागच्या फुटरेस्टच्या बोल्टांवर बसतं, म्हणजे आधी ते चार बोल्ट काढायचे, एवढंच. मी आणि आई सकाळीच आलापल्लीला धनराजभाऊच्या गॅरेजवर पोचलो. बा त्याच दिवशी आत्याकडे गेला होता, फोन नेहमीसारखा खुंटीवर टांगून.

धनराजभाऊनं डिझेल सोडलं, वाट पाहिली, हातोडीनं ठोकलं, मग पान्याला पाईप अडकवून अंगाचं सगळं वजन टाकलं. पाना सटकला आणि तो मातीत बसला. मी हसले नाही हे बरं झालं, कारण पुढची पाळी माझी होती आणि मीही तिथेच बसले. एका बोल्टाची टोपी गोल व्हायला लागली.

"गंजला बोल्ट थोडा तरी कुरकुरते, दीपिका," तो म्हणाला. "हा त हालूनच नाई राह्यला. कोणं लावले हे?"

"बानं. आणखी कोण? लोणच्याच्या बरणीचं झाकण त्यानं लावलं की आम्ही दोघी मिळून उघडतो."

"मंग गॅसकटरनं कापा लागन. पण खालची पट्टी जळली त तुझं कॅरिअर बसन कुठी?"

हे ऐकून माझा राग पार उतरला. नोकरी या चार लोखंडाच्या तुकड्यांवर अडली होती.

"गरम करून पाहा ना भाऊ," आई म्हणाली.

"टाकी गळून राह्यली ना बाई. आग जवळ नेली त गाडीबी जाईन अन् माझं दुकानबी."

मग मी टाकीच काढायला घेतली. तिचे बोल्ट गंजून लाल झाले होते, तरी डिझेलनं निमूट सुटले. टाकी दूर चिंचेखाली ठेवली, गाडी दुसऱ्या टोकाला नेली, डिझेल पुसून काढलं. भाऊनं गॅसची छोटी बत्ती पेटवून पहिल्या बोल्टावर धरली.

आधी धूर आला. मग वेगळाच वास आला आणि बोल्टाखालून एक लालसर, चिकट थेंब ओघळला. मी उठून उभीच राहिले. विळ्याला मूठ बसवताना आमच्या घरात हाच वास भरतो. मुठीच्या भोकात लाख भरायची, विळ्याचं टोक चुलीत तापवून आत दाबायचं. थंड झालं की मूठ जन्मात हालत नाही.

"लाख आहे," मी म्हणाले. "बानं बोल्टाले लाख लावली, भाऊ."

पाना लावला आणि बोल्ट अलगद फिरला. पाईप लागलाच नाही. धनराजभाऊ हसत सुटला. "सकाळपासून डिझेल पाजून राह्यलो, अन् याले शेक पाहिजे होता."

चारही तसेच निघाले, टोपी गोल झालेलासुद्धा. मग तो म्हणाला, "पण यालेच काऊन? टाकीले नाई, मडगार्डले नाई."

उत्तर आईनं दिलं. "तू नाल्यात पडली होती ना, शाळेत जाताना. त्या सांजेले तो चुलीजवळ बसला होता लाख घेऊन. मले वाटलं, विळा बसवून राह्यला."

माझ्या टाचेवर व्रण आहे. दगडांच्या वाटेवर डावं फुटरेस्ट गळून पडलं, पाय चाकाकडे गेला आणि मी नाल्यात आदळले. बानं मला उचललं, पाय धुतला, शाळेत पोचवलं. एवढंच मला आठवत होतं. त्यानंतर मी त्याच्या मागे बसून वर्षानुवर्षं त्याच वाटेनं गेले, आणि पाय ठेवायची जागा पुन्हा कधी हालली नाही, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. भाऊच्या गॅरेजमध्ये मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

दुपारी कॅरिअर बसवून आम्ही घरी आलो. ऊन कलताना बा बसमधून उतरला. आमच्यात बापाचे आभार मानत नाहीत, म्हणून मी चहात साखर जास्त टाकली. मग राहवलं नाही.

"बा, मागच्या बोल्टाले लाख काऊन लावली होती?"

त्यानं बशी खाली ठेवली. "तू मागं बसत होती. गाडी चालवताना मले मागचं काई दिसे नाई."

एवढं बोलून तो घरात गेला आणि लाखेचा गोळा, पाना, चिमटा घेऊन आला. मला वाटलं, कॅरिअरचे बोल्ट पक्के करायचे असतील. मी पेटीची जागा दाखवायला वाकले. पण तो दुखरे गुडघे मोडून गाडीच्या पुढच्या भागाशी बसला आणि चालवणाऱ्याच्या फुटरेस्टचा बोल्ट सोडवायला लागला.

"कॅरिअर मागं आहे, बा," मी म्हणाले.

"दिसते मले," तो म्हणाला. "उद्यापासून तू इथी बसशीन ना. चूल पेटव."