नामाला सी, क्रियापदाला साय

ओव्हाळ सरांच्या हाताखालून गेलेली पोरं बाकी सगळं इंग्रजी विसरली असतील, पण एक गोष्ट कोणी विसरलं नाही. भाकीत म्हणजे प्रॉफसी आणि भाकीत करणं म्हणजे प्रॉफसाय. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, उच्चारात मात्र दुधाचा. "नामाला सी, क्रियापदाला साय," सर फळ्यावर खडू आपटत सांगायचे. "क्रिया करा, दूध तापवा, मगच साय धरते." हे व्याकरण कुठल्याच पुस्तकात नव्हतं, पण पोरं पास व्हायची.

गंमत अशी की भविष्य या प्रकारावर सरांचा काडीचा विश्वास नव्हता. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. पत्रिका बघणारा कोणी जिन्यात दिसला तर सर त्याच्या तोंडावर दार लावून घेत. शब्द तेवढे सगळे आवडायचे. फोरटेल, प्रेडिक्ट, ओमेन. विश्वास नसलेल्या गोष्टीचं नावही नीट घ्यावं, एवढी सभ्यता माणसाकडे असावी असं त्यांचं म्हणणं. आणि चूक ऐकून गप्प बसणारा हा चुकणाऱ्यापेक्षा मोठा ढ, हेही. बस कंडक्टरपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत कोणाची म्हणून त्यांनी गय केली नव्हती.

निवृत्तीनंतर दोन उन्हाळे बरे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात कावीळ झाली आणि हटेना. तपासण्या झाल्या, पोटात गाठ निघाली. तरुण डॉक्टरनं फिल्म दिव्यासमोर धरली, खाली ठेवली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सर, प्रॉग्नोसिस इज गार्डेड."

धायरीला घरी परतताना रिक्षात सर खुशीत होते. "उच्चार ऐकलास? ग स्वच्छ म्हणाला. हल्ली ऐकायला मिळत नाही." मग ते बायकोकडे, कुसुमबाईंकडे वळले. "प्रो म्हणजे आधी, ग्नोसिस म्हणजे जाणणं. रोगाचं पुढे काय होणार ते. आणि गार्डेड म्हणजे राखलेलं, पहाऱ्यातलं. थोडक्यात, काळजीचं कारण नाही."

"खरं का गं?" कुसुमबाईंनी मुलीला विचारलं.

"बाबा सांगतायत ना," कल्याणी म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

कल्याणी कोथरूडच्या एका ऑफिसात अमेरिकन डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल टाइप करत असे. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल, पुढ्यात स्क्रीन. गार्डेड हा शब्द तिच्या कानावर रोज पडायचा. सुरुवातीला तिलाही तो चांगलाच वाटला होता. मग लक्षात आलं की तो शब्द लागलेल्या पेशंटचे पुढचे अहवाल एकदोनच येतात आणि मग येत नाहीत. आता तो बापाच्या बाबतीत ऐकला होता. दादाला आत्ताच बोलवायला हवं, दुसरं काही तिला सुचत नव्हतं.

दादा म्हणजे धम्मदीप. तो अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये होता आणि त्याचे तिथे राहण्याचे कागद अर्धवट अडकले होते. "त्याला कशाला हलवायचं?" सर म्हणायचे. "गार्डेड आहे ना सगळं."

शनिवारी कुसुमबाई स्वयंपाकघरात दुधावरची साय काढत होत्या. सरांना तूप, साय सगळं बंद होतं. कल्याणी खाटेशी बसली.

"बाबा, तुमचा एक शब्द चुकलाय."

सर उशीवर सरसावून बसले. "कुठला?"

"गार्डेड. पहारा पेशंटला नसतो. डॉक्टर स्वतःच्या जिभेवर पहारा ठेवतो. चांगलं सांगता येत नाही, म्हणून."

सरांनी शब्द ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून बघितला. "तुमच्याकडे येतो हा?"

"रोज."

"आणि पुढे?"

कल्याणी खाटेवरची चादर सारखी करू लागली. सरांनी तेही उत्तर म्हणून घेतलं. "मग रिक्षात का गप्प बसलीस? ढ आहेस." असं म्हणून त्यांनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"दादाला तुम्ही सांगा, बाबा. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय तो निघायचा नाही."

"सांगतो उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. सरांना रिसीव्हर पेलवत नव्हता, म्हणून कल्याणीनं स्पीकर चालू केला.

"जयभीम, बाबा. काय म्हणाले डॉक्टर?"

"जयभीम. प्रॉग्नोसिस इज गार्डेड."

पलीकडे सुटकेचा श्वास. "गार्डेड म्हणजे सेफच की. केवढा घाबरलो होतो मी. वकील म्हणतो, आत्ता इथून बाहेर पडलास तर परत आत घेतील याची खात्री नाही. नोकरीपण जाईल. पण तुम्ही म्हणाल तर उद्या निघतो, बाबा."

धम्मदीपला इंग्रजी सरांनीच शिकवलं होतं. सरांनी तोंड उघडलं, कल्याणीकडे पाहिलं आणि नजर फोनवर नेली.

"बरोबर," ते म्हणाले. "गार्डेड म्हणजे सेफ."

"मग डिसेंबरात येतो. तोवर कागद होतील."

"डिसेंबरात ये. मी दारात उभा असेन तुला घ्यायला."

जन्मभर भविष्य सांगणाऱ्याला उंबरा ओलांडू न दिलेल्या माणसानं स्वतःच्या तोंडानं भविष्य सांगितलं, आणि तेही धडधडीत खोटं. कल्याणीला दोघांचा संताप आला, बापाचा आणि भावाचा. ती फोनकडे वाकली. सरांनी मान हलवून नको म्हटलं. वर्गात कधी केली नव्हती, अशी ती विनवणी होती. दादा जयभीम म्हणाला आणि फोन ठेवून मोकळा झाला.

कुसुमबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. त्या आत गेल्या आणि वाटी घेऊन आल्या. "सेफ आहे म्हणताय, तर आज थोडी खा हो. किती दिवस तोंडाला चव नाही तुमच्या."

वाटीत साय होती, वर साखर. सरांनी चमचा हातात घेतला आणि लेकीकडे बघून हसायचा प्रयत्न केला. "क्रिया केली की साय धरते," ते म्हणाले आणि खाऊ लागले.

"बरं वाटेल बघ आता बाबांना," कुसुमबाई म्हणाल्या.

कल्याणीनं ते ऐकलं आणि ती गप्प बसली.