हसऱ्या फ्लेक्सचं गाऱ्हाणं

मित्रांनो, जरा वर बघा! लातूरच्या एका कॉलेजच्या गेटवर, उन्हानं विटलेला, एका कोपऱ्यात फाटलेला जो फ्लेक्स फडफडतोय ना, तोच मी.

मशीनमधून गरमागरम बाहेर पडलो तेव्हा काय रुबाब होता माझा! वर ठळक अक्षरं, 'आमचं कॉलेज, सर्वांचं कॉलेज', आणि खाली खेड्यापाड्यांतून आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुली, ओळीनं हसणाऱ्या. समान संधी केंद्राचे मल्लिकार्जुन सर म्हणाले, "वा! तपासणी समितीला आणखी काय पुरावा पाहिजे?" मी फुगलोच.

पण वर्ष सरलं आणि माझ्यातल्या मुली एकेक करत कॉलेजात यायच्या बंद झाल्या. छापलेल्या मात्र हसतच राहिल्या. प्रॅक्टिकल सुटेपर्यंत औशाकडच्या त्यांच्या गावांना जाणारी शेवटची बस निघून जायची, एवढंच कारण!

उरलेल्यांत एक बुद्धप्रिया. तिलाही घरी बजावलं होतं, प्रॅक्टिकलची वेळ बदलली तर ठीक, न्हाईतर दिवाळीनंतर कॉलेज बंद. एके सकाळी ती स्टूल घेऊन आली आणि शिक्षण सोडून गेलेल्या मैत्रिणींच्या चेहऱ्यांवर लाल टिकल्या चिकटवू लागली. बघता बघता माझी अर्धी रांग लाल झाली.

सर धावत आले. "अगं ए, समिती यायलीय अन् हे काय करायलीस?"

"पुरावा द्यायलेय, सर. किती आल्या ते तुम्ही छापलं, किती गेल्या ते मी चिकटवलं."

"कॉलेजची इज्जत घालवतीस का?"

"इज्जत न्हाई सर, आमची बस जाती. प्रॅक्टिकल दुपारी घ्या की, एवढंच म्हणणं हाय."

अहो, ऐका ना तिचं! मला ओरडावंसं वाटलं. माझ्यावर इतकी तोंडं छापलेली, पण एकही बोलायच्या उपयोगाचं नाही! सरांनी टिकल्या ओल्या फडक्यानं खरवडून काढायला लावल्या. समिती आली, चहा प्याली, माझ्यासमोर फोटो काढून गेली. प्रॅक्टिकलची वेळ तीच.

मग नव्या फ्लेक्सची टूम निघाली. फोटोग्राफरनं मुलींची रांग लावून बुद्धप्रियाला पुढे उभं केलं. "ताई, हसा की जरा."

"दिवाळीनंतर मी इथं नसंन. ज्या राहणार हायत, त्यांना हसवा," म्हणत ती रांगेतून बाहेर पडली. तिच्यामागं तिची मैत्रीण पुनम. मग सगळ्याच! कॅमेऱ्यासमोर नुसतं गेट उरलं.

वेळ अजून बदललेली नाही आणि नवा फ्लेक्सही छापलेला नाही. दिवाळी मात्र जवळ येतेय, आणि मी चरफडत लटकलोय.

मित्रांनो, माझी काळजी नका करू. उतरवा मला, एखाद्या गोठ्यावर टाका, निदान खरं काम तरी करीन. पण कुठल्याही गेटवर असे हसरे चेहरे दिसले, तर आत जाऊन एवढं विचारा: यातल्या आज वर्गात कोण कोण आहेत?