फर्म माणूस ओरडत नाही

भोकरदनच्या बसस्टँडसमोर, अण्णासाहेबांच्या घराखालच्या खोलीत ज्योत्स्ना मॅडमचा इंग्रजीचा वर्ग भरायचा. शिकवण्यात मॅडमचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, आणि हे मॅडमना स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं. उगाच नम्रतेचा आव आणणं त्यांना जमायचं नाही. टेंभुर्णीहून आणि आजूबाजूच्या खेड्यांतून पोरी एसटीनं यायच्या, नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी करायच्या. खोली स्टँडपासून हाकेच्या अंतरावर, वर अण्णासाहेबांचं भरलं घर, म्हणून तर आईबाप बिनघोर पाठवायचे. गावात आतल्या बाजूला दुसरी खोली मिळाली असती, पण मग अर्ध्या पोरी घरीच बसल्या असत्या.

त्या दिवशी फळ्यावर शब्द होता ‘फर्म’.

“फर्म म्हंजे कडक,” पुढच्या बाकावरची एक म्हणाली.

“कडक ऊन असतं गं बाई. पुढं?”

“हट्टी?”

“हट्टी तुझा धाकटा भाऊ. मोबाईल न्हाई दिला की जमिनीवर लोळतो.”

“मंग आमची आत्या असंल,” आकांक्षा म्हणाली. “तिचं तोंड सुटलं की सगळी गल्ली गोळा होती.” वर्ग खदखदून हसला. मॅडमही हसल्या.

“आत्या बिलकुल फर्म नाहीत. फर्म म्हणजे ठाम. ज्याला आरडाओरडा करावा लागतो, त्याचे पाय आधीच लटपटत असतात. फर्म माणूस हळू आवाजात नाही म्हणतो, समोरच्याचा मान ठेवून म्हणतो, आणि मग तिथून हलत नाही. फर्म व्हॉइस, फर्म डिसिजन. लिहून घ्या.”

पोरींनी माना खाली घातल्या, तेवढ्यात दार ढकलून अण्णासाहेब आत आले. मागं त्यांचा मुलगा धर्मराज, ज्याचं मोबाईलचं दुकान टाकायचं कधीपासून चाललं होतं. त्यानं आल्या आल्या खिशातून टेप काढला आणि सरळ फळ्यावरून भिंतीला लावला. बया! भरल्या वर्गात!

“काका, हे काय चाललंय?”

“मापं घेऊन राह्यलो, लेकी. ह्याला पुढच्या महिन्यात दुकान टाकायचंय. तुला म्हणलो न्हवतो का जिन्यात? तू काई बोलली न्हाई, म्हणलं झालं, पोरगी कबूल हाय.”

म्हणाले होते खरे. आणि मॅडम मान खाली घालून गप्प उभ्या राहिल्या होत्या. वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडावर नाही कोण म्हणतं आपल्याकडं? गप्प बसायचं, मग दुसऱ्या कुणाच्या तरी हाती निरोप धाडायचा. पण खाली घातलेली मान म्हणजे होकार, हेही आपल्याकडंच धरतात. अर्धा तालुका ही चूक रोज करतो, तीच मॅडमनी केली होती.

“काका, पोरींची परीक्षा होईस्तोवर तरी...” बोलता बोलता मॅडमना स्वतःचाच आवाज रडका वाटला.

“म्हंजे परीक्षा झाल्यावर देतीस. बराबर! घे रे धर्मराज मापं.”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मॅडमना स्वतःचाच असा संताप आला की विचारू नका. सगळा वर्ग त्यांच्याकडं बघत होता. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला.

“न्हाई काका. मी खोली सोडणार न्हाई. त्या दिवशी गप्प बसले ती माझी चूक. जूनपर्यंत आपलं ठरलंय, आणि पुढच्या वर्षीही मला हीच खोली पाहिजे.”

अण्णासाहेब काही वाईट माणूस नव्हेत. पण ‘नाही’ ऐकायची सवयच नव्हती त्यांना. “तुझा बाप आन् मी एका ताटात जेवलेली माणसं हाव,” ते म्हणाले. “थांब, साहेबरावालाच लावतो.” त्यांनी फोन लावला आणि वर्गाला ऐकू जाईल असा स्पीकरवर टाकला.

साहेबरावांनी जन्मात कधी अण्णासाहेबांचा शब्द खाली पडू दिला नव्हता. बापच ‘दे सोडून’ म्हणाला, तर एवढ्या पोरींसमोर त्याला खोटं कसं पाडायचं?

“साहेबराव, पोरगी खोली सोडून न्हाई राह्यली. जरा समजाव तिला.”

“ती काय म्हणली?”

“न्हाई म्हणली.”

“मंग झालं की. वर्ग तिचा हाय. तिनं सांगितल्यावर मला कशाला इचारता?”

मॅडमना वाटलं, आता आपल्याला इथंच रडू फुटणार. बापानं भरल्या वर्गात केवढा मान दिला होता! त्यांनी पटकन पाठ फिरवली आणि उगाच फळा पुसायला घेतला. धर्मराजनं गुपचूप टेप गुंडाळून खिशात टाकला.

अण्णासाहेबांनी फोन बंद केला. “बरं बाई,” ते शेवटी म्हणाले, “मंग च्या तरी पाजशील का?”

“पाजते की काका, का न्हाई? वर्ग सुटल्यावर.”

अण्णासाहेबांनी दाराकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं, आणि निमूटपणे मागच्या बाकावर आकांक्षाशेजारी जाऊन बसले.